क की घ? : जुनी हस्तचलित आणि नवी स्वयंचलित मोटार यांतील निवडीचे विवेचन

१. प्रश्न आणि त्याची मांडणी

बोलींच्या पाहणीसाठी स्वतःचे वाहन घेऊ इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : ‘जुनी गिअरची गाडी घ्यावी, की नवी ऑटोमॅटिक?’ वरवर पाहता हा प्रश्न भाषाशास्त्र विभागाच्या पत्रिकेत चर्चिला जावा असा नाही. तो गॅरेजात विचारावयाचा, किंवा घरातील वडीलधाऱ्यांपुढे मांडावयाचा. तथापि येथे त्याचा विचार करण्यास दोन कारणे आहेत.

पहिले कारण व्यावहारिक आहे. कोल्हापूर आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या सीमाभागातील बोलींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची गावे सह्याद्रीच्या दोन्ही अंगांस पसरलेली असतात. फोंडा, करूळ, आंबोली हे घाट त्यास पुनःपुन्हा चढावे-उतरावे लागतात. निवेदक दिवसभर शेतात असतो. तो बोलावयास मोकळा होतो तो दिवेलागणीनंतर, आणि त्या वेळी गावातून परतीची एस.टी. बहुधा निघून गेलेली असते. अशा विद्यार्थ्यास गाडी ही चैनीची वस्तू राहत नाही. शिष्यवृत्तीतून शिल्लक टाकलेले किंवा घरून उसने घेतलेले पैसे तो तीत घालतो. निवड चुकली तर प्रबंधाचे एखादे वर्ष वाया जाण्याचा संभव असतो, आणि घाटात त्याहून मोलाचे काही गमावण्याचाही.

दुसरे कारण प्रश्नाच्या घडणीत आहे. मराठीतील ‘कडी, खडी, गडी, घडी’ हे चार शब्द घ्या. त्यांतील भेद केवळ आद्य व्यंजनाचा आहे, आणि त्या व्यंजनांतील भेद दोनच गुणांचा : घोषत्व आणि महाप्राणत्व. ‘क’मध्ये दोन्ही गुण नाहीत, ‘ख’मध्ये केवळ महाप्राणत्व आहे, ‘ग’मध्ये केवळ घोषत्व आहे, ‘घ’मध्ये दोन्ही आहेत. आता ‘कडी’ आणि ‘घडी’ एवढीच जोडी समोर ठेवून, येथील अर्थभेद घोषत्वामुळे झाला की महाप्राणत्वामुळे, असे कोणी विचारले तर त्यास उत्तर देता येणार नाही. जोडीत दोन गुण एकाच वेळी बदलले आहेत. ‘खडी’ आणि ‘गडी’ हे मधले शब्द आणले म्हणजेच एकेका गुणाचे कार्य वेगळे काढता येते. न्यूनतम युग्माचे तत्त्व ते हेच.

गाडीच्या प्रश्नाची स्थिती नेमकी अशी आहे. महाप्राणत्वाच्या जागी नवेपणा आणि घोषत्वाच्या जागी स्वयंचलितपणा ठेवला, तर चार प्रकारच्या गाड्या संभवतात. क म्हणजे जुनी हस्तचलित, ख म्हणजे नवी हस्तचलित, ग म्हणजे जुनी स्वयंचलित आणि घ म्हणजे नवी स्वयंचलित. विद्यार्थी विचारतो : क की घ? ख आणि ग यांचे नावही तो घेत नाही. ‘नवी’ या शब्दाने येथे कोरी गाडी असाच अर्थ घ्यावयाचा नाही. तुलनेने अलीकडच्या वर्षांतील, मग ती दुसऱ्या हातची का असेना, एवढाच अर्थ अभिप्रेत आहे. प्रश्नात गुंतलेले हे दोन गुण एकमेकांपासून सोडवून प्रत्येकाचे मोल स्वतंत्रपणे ठरविणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. गिअर कशासाठी?

प्रथम यंत्राचा विचार करू. पेट्रोलचे इंजिन शून्यापासून फिरू शकत नाही. गाडी उभी असतानाही ते मिनिटास सुमारे ८०० फेरे घेत असते. त्याखाली ते गेले की बंद पडते. शिवाय मंद गतीत त्याचा जोर अल्प असतो. उलट चाकाला शून्यापासून आरंभ करावयाचा असतो, आणि आरंभीच सर्वांत अधिक जोर हवा असतो. इंजिन आणि चाक यांच्या स्वभावांतील हा विरोध मिटविण्यासाठी दोन साधने योजिलेली आहेत : क्लच आणि गिअरपेटी.

ढोबळ आकडे घेऊन पाहू. लहान मोटारीचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.८ मीटर अंतर कापतो. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे सुमारे १४ फेरे झाले म्हणजे चाकाचा एक फेरा होतो. इंजिन ८०० फेऱ्यांवर असेल तर चाकाचे मिनिटास ५७ फेरे होतात आणि गाडी ताशी सुमारे ६ किलोमीटर वेगाने जाते. याचा अर्थ असा की, उभी गाडी आणि ताशी ६ किलोमीटर यांमधील अंतर इंजिन व चाक यांच्या पक्क्या जोडणीने तोडता येणे शक्य नाही. तेवढ्या अवधीत क्लचच्या तबकड्या एकमेकींवर घसरत राहिल्या पाहिजेत. चालक ज्यास ‘हाफ क्लच’ म्हणतात तो हाच. तबकड्यांची झीज होते ती मुख्यतः या घसरण्यात, आणि शिकाऊ चालकाची गाडी बंद पडते तीही येथेच.

पुढील गिअरमध्ये हे प्रमाण कमी होत जाते. पाचव्या गिअरमध्ये इंजिनाच्या सुमारे ३ फेऱ्यांस चाकाचा एक फेरा पडतो. म्हणून ३,००० फेऱ्यांवर गाडी ताशी १०८ किलोमीटरपर्यंत जाते. दुसऱ्या गिअरमध्ये त्याच फेऱ्यांवर ती ४२ किलोमीटरच्या आसपास राहील, पण जोर अडीच पट मिळेल. गिअर बदलणे म्हणजे वेग आणि जोर यांचा हा सौदा प्रसंगानुरूप पुनःपुन्हा करणे होय. हस्तचलित गाडीत तो सौदा चालक करतो, स्वयंचलित गाडीत यंत्र करते. भेद एवढाच आहे. दोहोंतही सौदा करावाच लागतो.

३. एका नावाखालील चार यंत्रे

‘ऑटोमॅटिक’ हा शब्द एक असला तरी बाजारात त्याखाली निदान चार भिन्न रचना विकल्या जातात. त्या ओळखल्यावाचून प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणे व्यर्थ आहे.

पहिली रचना द्रवचालित. हिच्यात क्लचचे काम तेलाने भरलेले टॉर्क कन्व्हर्टर नावाचे पात्र करते. त्याचे मूळ जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ साली जहाजांसाठी केलेल्या शोधात आहे. मोटारींत द्रवाच्या जोडणीवर चालणारी पूर्ण स्वयंचलित पेटी मोठ्या प्रमाणावर आली ती अमेरिकेत, ओल्डस्मोबिलच्या १९४० सालच्या गाड्यांत. टॉर्क कन्व्हर्टरची ब्यूइक गाडी १९४८ साली निघाली. ही रचना मऊ चालते व दीर्घकाळ टिकते, परंतु वजनाने व किमतीने भारी असते.

दुसरी रचना पट्ट्याची. हिला सीव्हीटी म्हणतात. हिच्यात ठरावीक गिअर नसतात. रुंदी बदलणाऱ्या दोन कप्प्यांवरून पट्टा फिरतो आणि प्रमाण सलग बदलत जाते. डच उद्योजक हुब व्हान डोर्न यांच्या डाफ कंपनीने १९५८ साली ती मोटारीत आणली. आपल्याकडील बिनगिअरच्या स्कूटरी याच तत्त्वावर चालतात.

तिसरी रचना दुहेरी क्लचची. एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम. त्यामुळे पुढचा गिअर आधीच सज्ज असतो व बदल क्षणार्धात होतो. मोठ्या उत्पादनाच्या मोटारीत ती २००३ साली आली. वेगात ती उत्तम. परंतु तिच्या कोरड्या तबकड्यांच्या प्रकारात गर्दीतील रांगणाऱ्या वाहतुकीने उष्णता साठते.

चौथी रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. तिला एएमटी म्हणतात. हिच्यात गिअरपेटीही हस्तचलितच असते आणि क्लचही तोच असतो. फक्त क्लच दाबण्याचे व गिअर टाकण्याचे काम पायाहाताऐवजी विजेवर अथवा तेलाच्या दाबावर चालणारे साधन करते. भारतात ती २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीतून सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचली. एकाच गाडीच्या हस्तचलित व एएमटी नमुन्यांतील फरक सुमारे पन्नास हजार रुपयांच्या आसपास राहिला. इतर रचनांत तो लाख रुपयांच्या पुढे जातो. म्हणून विद्यार्थी ‘नवी ऑटोमॅटिक’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा एएमटी असते, आणि तीविषयी ऐकलेली स्तुती मात्र पुष्कळदा टॉर्क कन्व्हर्टरची असते.

४. नावांमुळे होणारी दिशाभूल

त्रुबेत्स्कोय यांनी आपल्या १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या स्वनविचारविषयक ग्रंथात विरोधांचे जे वर्गीकरण केले, त्यांत अभावात्मक आणि श्रेणिक हे दोन प्रकार आहेत. अभावात्मक विरोधात एका घटकास एक खूण असते व दुसऱ्यास ती नसते. श्रेणिक विरोधात एकच गुण कमी-अधिक प्रमाणात आढळतो. हस्तचलित आणि स्वयंचलित हा भेद लोक अभावात्मक समजतात : क्लचचा पेडल आहे किंवा नाही. वस्तुतः तो श्रेणिक आहे. ज्या गाडीस आपण हस्तचलित म्हणतो तिच्यातही पुष्कळ कामे पूर्वीच यंत्राकडे गेलेली आहेत. इंजिन सुरू करण्यासाठी हँडल मारावा लागत नाही. चोकची कळ ओढावी लागत नाही. आणि १९२८ साली कॅडिलॅकने दातेरी चाकांची गती आपोआप जुळविणारी योजना आणल्यापासून गिअर बदलताना दोनदा क्लच दाबण्याची कसरतही हळूहळू संपली. या श्रेणीवर एएमटी ही टॉर्क कन्व्हर्टरपेक्षा हस्तचलित गाडीच्या अधिक जवळ बसते.

मराठी बोलण्यातील नावांनी या समजात आणखी भर घातली आहे. पुण्या-मुंबईकडे १९८० च्या दशकापर्यंत स्कूटर म्हटली की डाव्या मुठीत गिअर असावयाचाच. १९८४ साली कायनेटिक होंडा आली आणि तेव्हापासून ‘गिअरची’ व ‘बिनगिअरची’ ही जोडी रूढ झाली. म्हणजे ‘गिअरची’ हे विशेषण जुन्या वस्तूस चिकटले ते नवी वस्तू आल्यानंतर. आता तीच जोडी मोटारींना लावली जाते, आणि ‘बिनगिअरची गाडी’ असे ऐकून शिकाऊ चालकास खरोखरच असे वाटते की, त्या गाडीत गिअर नाहीत व म्हणून त्यांचा विचारही करावयाचा नाही. हा समज घाटात घातक ठरू शकतो. त्याचे विवेचन पुढे येईल.

क्रियापदांतही एक बारकावा आहे. आपण ‘गिअर टाकतो’. तो नीट बसला नाही तर ‘गिअर पडला नाही’ असे म्हणतो. टाकणाऱ्या कर्त्याचा उल्लेख एका रूपात आहे, दुसऱ्यात तो गळतो. स्वयंचलित गाडीविषयी बोलताना ‘गिअर बदलला’ हे कर्तृहीन रूपच नैसर्गिक वाटते. व्याकरणातून कर्ता गळाला तरी रस्त्यावरची जबाबदारी गळत नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

५. वयाचा गुण

आता दुसऱ्या गुणाकडे, म्हणजे गाडीच्या वयाकडे वळू. सामान्यतः जुनी म्हणजे स्वस्त व झिजलेली, नवी म्हणजे महाग व सुस्थितीतील, असा सरधोपट हिशेब केला जातो. परंतु भारतीय गाड्यांच्या बाबतीत वयाला याहून निश्चित अशी एक सीमारेषा आहे. ब्रेक दाबताच चाके अडकून गाडी घसरू नये यासाठीची एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींस सक्तीची झाली. चालकासाठी हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून समोरच्या व बाजूच्या धडकेची कसोटीही सर्व नमुन्यांस लागू झाली. शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्व गाड्यांत आली. तत्पूर्वी ही साधने पुष्कळदा केवळ महाग नमुन्यांत मिळत. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय लहान गाड्यांची धडक-चाचणी घेतली, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणात त्यांतील एकीसही एक तारासुद्धा मिळाला नव्हता.

तेव्हा २०१२ ची गाडी आणि २०२० ची गाडी यांत आठ वर्षांच्या झिजेइतकाच फरक नाही. त्या दोन वेगळ्या कायदेशीर युगांतील वस्तू आहेत. आणि हा फरक गिअरपेटीवर मुळीच अवलंबून नाही. ख आणि घ या दोहोंत ही साधने असतील. क आणि ग या दोहोंत ती नसण्याचा संभव असेल. स्वयंचलित गाडी अधिक सुरक्षित असते असे जे अनेकदा ऐकू येते, त्यातील बराचसा भाग नवेपणाच्या गुणाचे श्रेय स्वयंचलितपणास दिल्याने उत्पन्न झालेला आहे. ‘कडी’ व ‘घडी’ यांच्या तुलनेतील घोटाळा तो हाच.

वयाची दुसरी बाजू कागदपत्रांची. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत करावी लागते. हे नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले, आणि महाराष्ट्रात १५ वर्षांवरील खासगी गाडीस पर्यावरण करही भरावा लागतो. बारा-तेरा वर्षांची गाडी घेणाऱ्याने प्रबंध पूर्ण होण्यापूर्वीच हा खर्च दारात येणार, असे गृहीत धरावे.

६. घाटाची कसोटी

स्वयंचलितपणाचा गुण वेगळा करून तोलावयाचा, तर आपल्या विद्यार्थ्यासाठी घाट हीच खरी कसोटी. माणसांसह एक टन वजनाची गाडी ५०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे ४९ लाख ज्यूल ऊर्जा कोठे तरी खर्ची पडली पाहिजे. एवढ्या उष्णतेने १५ लिटर पाणी उकळीपर्यंत तापविता येईल. त्यातील काही भाग हवेच्या व रस्त्याच्या रोधात जातो. उरलेला सर्व ब्रेकवर टाकला तर लायनर तापून त्यांची पकड ढिली होते, आणि ब्रेकचे तेल उकळू लागले तर पेडल पोकळ लागते. यावर उपाय एकच : खालचा गिअर ठेवून इंजिनाकडून गाडी रोखून धरणे. ज्या गिअरमध्ये घाट चढावयाचा त्याच गिअरमध्ये तो उतरावयाचा, हा जुन्या चालकांचा दंडक यंत्रशास्त्रास धरून आहे. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय त्याच कारणाने त्याज्य होय. शिवाय इंधन मोजून देणारी अलीकडची इंजिने गिअरमध्ये उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात, तेव्हा बचतीचा तर्कही टिकत नाही.

हस्तचलित गाडीत दुसरा गिअर टाकला की तो चालक काढीपर्यंत राहतो. स्वयंचलित गाडीत चालकाने काही केले नाही, तर यंत्र उतारावर वरचा गिअर निवडण्याचा संभव असतो, कारण अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही म्हणजे जोर नको, असा अर्थ ते काढते. त्यावर उपाय आहे. एएमटीत गिअर हाताने ठरविण्याची सोय असते, टॉर्क कन्व्हर्टर व सीव्हीटीच्या गाड्यांत बहुधा खालच्या गिअरची वेगळी खूण असते. परंतु ती सोय वापरावयाची तर गिअर म्हणजे काय हे चालकास ठाऊक असले पाहिजे. ‘बिनगिअरची’ म्हणून घेतलेल्या गाडीचा मालक ती कळ बहुधा हाताळीतच नाही.

चढावर एएमटीच्या आणखी दोन मर्यादा आहेत. गिअर बदलताना क्षणभर जोर तुटतो. ट्रकला मागे टाकण्याच्या ऐन वेळी हा क्षण मोठा वाटतो. आणि चढावर थांबलेली गाडी ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरली तर आतील क्लच सतत घसरत राहून तापतो व झिजतो. चढावर गाडी धरून ठेवणारी योजना काही नमुन्यांत असते, सर्वांत नसते. घेण्यापूर्वी ते विचारून घ्यावे.

आडगावातील बिघाडाचाही विचार केला पाहिजे. बॅटरी उतरली तर हस्तचलित गाडी चार माणसांच्या धक्क्याने सुरू करता येते. स्वयंचलित गाडी येत नाही. टॉर्क कन्व्हर्टरची बंद गाडी चालती चाके जमिनीवर ठेवून ओढणेही पेटीस अपायकारक असते. क्लचप्लेट बदलणारा मेकॅनिक प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. एएमटीच्या साधनांची जुळणी करण्यास संगणक लागतो, आणि तो बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असतो. म्हणूनच ग, म्हणजे जुनी स्वयंचलित, ही चौकटीतील सर्वांत प्रतिकूल निवड ठरते : वयाचे सर्व दोष तिच्यात असतात, आणि पेटी बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करू शकतो.

७. शिकण्याचा क्रम

याकोबसन यांनी १९४१ साली बालभाषेच्या विवेचनात असा एकमार्गी नियम सांगितला की, काही घटकांचे अस्तित्व इतर काही घटकांचे अस्तित्व गृहीत धरते, उलट मात्र होत नाही. वाहन चालविण्याच्या शिक्षणातही असा एकमार्गी संबंध दिसतो. ज्यास क्लचची गाडी येते तो स्वयंचलित गाडी अर्ध्या तासात चालवू लागतो. जो केवळ स्वयंचलित गाडीवर शिकला त्यास क्लच आत्मसात करण्यास कित्येक दिवस लागतात. क्षेत्रकार्यात मित्राची किंवा यजमानाची गाडी हाती घेण्याचे प्रसंग येतात, आणि त्या गाड्या बहुधा क्लचच्याच असतात.

कायदा याबाबत निरनिराळ्या देशांत निरनिराळा आहे. ब्रिटनमध्ये स्वयंचलित गाडीवर परीक्षा दिली तर परवाना स्वयंचलित गाड्यांपुरताच मर्यादित राहतो. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मोटारसायकलींचे गिअरच्या व बिनगिअरच्या असे दोन वर्ग आहेत. हलक्या मोटारींत मात्र असा भेद नाही. म्हणजे आपल्याकडे जो भेद परवान्यावर दिसत नाही तो चालकाने स्वतःच ध्यानात ठेवावयाचा आहे.

उलट दिशेने जातानाही एक सावधगिरी हवी. क्लचची सवय असलेला डावा पाय स्वयंचलित गाडीत रुंद ब्रेकवर जोराने पडण्याचा संभव असतो, आणि ब्रेक सोडताच ही गाडी आपण होऊन पुढे सरकू लागते. आरंभीचे काही दिवस डावा पाय मागे घेऊन ठेवणे हाच उपाय.

८. निष्कर्ष

दोन्ही गुण वेगळे केल्यावर उत्तर पुरेसे स्पष्ट होते. नवेपणाचा गुण, विशेषतः २०१९ च्या सीमारेषेच्या अलीकडचा, जिवाशी संबंधित आहे. त्यासाठी पैसे खर्चणे योग्य. स्वयंचलितपणाचा गुण सोयीशी संबंधित आहे, आणि ती सोय कोणास किती हवी हे व्यक्तीवर व रस्त्यावर अवलंबून आहे. घाटमाथा व कोकण यांत हिंडणाऱ्या, बेताच्या पैशांच्या विद्यार्थ्याने म्हणून क आणि घ यांमध्ये दोलायमान न होता ख शोधावी : २०१९ नंतरची, एकाच मालकाने वापरलेली, दुरुस्तीची नोंद असलेली हस्तचलित गाडी. स्वयंचलितपणासाठी द्यावयाचे पन्नास हजार रुपये त्याने वर्ष-दोन वर्षे अलीकडची गाडी, चार चांगले टायर व ब्रेकची दुरुस्ती यांत घालावेत.

हे उत्तर सर्वांसाठी एकच नव्हे. ज्यांचा प्रवास मुख्यतः शहरातील गर्दीतून होतो, ज्यांचा गुडघा क्लचचा भार सोसत नाही, त्यांनी घ घ्यावी. तीत कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्यांचा डावा पाय निकामी आहे अशांसाठी तर स्वयंचलित गाडी ही सोय राहत नाही, ती स्वतंत्रपणे हिंडण्याची अट ठरते. कायद्यातही अशा चालकांच्या गरजेनुसार बदल केलेल्या वाहनांचा वर्ग निराळा मानलेला आहे. आणि घरची सुस्थितीतील क आयतीच मिळत असेल, तर तिचे ब्रेक, टायर व पट्टे नीट करून घेऊन, वेग आवरून, ती वापरण्यास हरकत नाही. मात्र तीत एअरबॅग व एबीएस नाही याची जाणीव सदैव असावी.

दुसऱ्या हातची गाडी पाहताना तीन गोष्टी विसरू नयेत. सपाट जागी हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडावा. इंजिन बंद पडले तर क्लच ठीक, चालूच राहिले तर तबकडी झिजलेली आहे. नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा उतरविलेला आहे की नाही ते पाहावे. आणि आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला गाडी दाखविल्यावाचून विसार देऊ नये.

विजेवर चालणाऱ्या मोटारींत मात्र हा सारा विरोधच लोप पावतो. विजेची मोटार शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर देते, त्यामुळे अशा बहुतेक गाड्यांत गिअर बदलण्याचाही प्रश्न नसतो आणि क्लचचाही. त्यांच्या बाबतीत ‘बिनगिअरची’ हे नाव प्रथमच जवळजवळ खरे ठरते. वयाचा प्रश्न तेथेही उरतो, पण तो बॅटरीच्या आयुष्याचा प्रश्न म्हणून. तोवर ज्यास पेट्रोलची गाडी घ्यावयाची आहे त्याने आपला प्रश्न प्रथम चार घरांत मांडावा आणि मगच गाडी पाहावयास निघावे.